शहाण्णवपैकी शहाण्णव

१

शहाण्णवपैकी शहाण्णव उत्तरं बरोबर आली म्हटल्यावर बैठकीच्या खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. तो विरायच्या आतच फुग्या नावाच्या एका संशोधक पोराने त्यावर विरजण घातलं.

"साहेब, ते पाकीट जरा उजेडात धरता का?"

संचालकांनी धरलं. पाकिटाच्या तोंडावर तंत्रज्ञ मामांची सही होती. सहीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागापासून केसभर सरकला होता, आणि कडेला ताज्या डिंकाची चकाकी होती. पाकीट आधीच कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलं होतं. सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या शिडीकडे. बिचारीच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं मावळलंही नव्हतं.

शिडी म्हणजे प्रयोगशाळेतली डॉक्टरेट करणारी मुलगी. उंच, हडकुळी, म्हणून शिडी. पाच वर्षं तिने एकच ध्यास घेतला होता. प्रयोगशाळेतला स्वयंचलित मायक्रोस्कोप दर दहा मिनिटांनी जिवंत पेशींचे फोटो काढायचा, रात्रंदिवस, माणसाने हात न लावता. त्या लाखो फोटोंवर तिने एक प्रोग्रॅम शिकवून तयार केला होता. पेशींवर औषध घातलं की त्या एक-दोन दिवसांनी मरतात, तेव्हा ते कुणालाही दिसतं. शिडीचा प्रोग्रॅम पहिल्या सहा तासांतच, नुसत्या त्यांच्या हालचालींवरून, औषध लागलंय की नाही ते सांगायचा.

खरं-खोटं करायला परीक्षा ठरली. एका ताटलीत शहाण्णव बारके खळगे. मामांनी चिठ्ठ्या टाकून निम्म्या खळग्यांत औषध घातलं, निम्म्यांत नुसतं मिठाचं पाणी, आणि कुठे काय घातलं ती यादी पाकिटात बंद करून कार्यालयाच्या कपाटात ठेवली. शुक्रवारी सकाळी ताटली मायक्रोस्कोपखाली गेली. संध्याकाळी शिडीने प्रोग्रॅमची उत्तरं प्रयोगशाळेच्या सामाईक संगणकावर ठेवली. सोमवारी संचालकांनी सगळ्यांसमक्ष पाकीट फोडलं, आणि पुढचं रामायण आपण पाहिलंच.

बुधवारी सकाळी संचालकांनी आकडेबाईंना बोलावून घेतलं. आकडेबाई त्या संस्थेत चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत होत्या. निवृत्तीला चार महिने उरलेले, पण पायाला भिंगरी. खुर्चीत पाच मिनिटं बसल्या तर त्यांना गुदमरायला व्हायचं. आताही संचालक बोलत होते आणि बाई खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा येरझारा घालत होत्या.

"उत्तरांची फाइल रविवारी सकाळी बदललेली दिसते," संचालक म्हणाले. "संगणक सामाईक, त्यामुळे कुणी बदलली ते कळत नाही. कपाटाची किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगलेली असते, ती कुणीही घेऊ शकतं. मी मुलीचा संगणक ताब्यात घेतलाय, प्रयोगशाळेला कुलूप लावलंय. पुढच्या सोमवारी तिची शेवटची तोंडी परीक्षा आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत मला सांगा, चोरी कुणाची. नाहीतर तिची नोंदणीच रद्द. पाच वर्षं पाण्यात."

"म्हणजे तुम्ही निकाल लावूनच बसलाय," बाई फटकन म्हणाल्या.

"फायदा कुणाचा झाला, बाई?"

दोन्ही कागद, मामांची यादी आणि शिडीची उत्तरं, बाईंनी पिशवीत कोंबले आणि त्या तरातरा बाहेर पडल्या.

२

शिडी कुलूपबंद प्रयोगशाळेच्या दाराशी बाकावर बसली होती. डोळे सुजलेले. आत आपल्या पेशी आणि आपण बाहेर, हे तिला सोसत नव्हतं.

"पाकीट तू उघडलंस?" बाईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

"नाही."

"बघ हं. सरळ सांगितलंस तर मला काहीतरी करता येईल."

"नाही म्हणजे नाही, बाई!" शिडी उसळली. "मला गरजच काय होती? मला शनिवारीच कळलं होतं जमलंय म्हणून."

"ते कसं काय?"

"अहो, माझी उत्तरं शुक्रवारी दिली, पण फिल्म तर पुढे दोन दिवस चालूच होती ना. मी ती घरून बघत होते. प्रोग्रॅमने ज्यांना औषध म्हटलं होतं, त्याच पेशी पटापटा मरत गेल्या. लेक मला विचारते, आई, तुझ्या पेशी झोपल्या का? म्हटलं हो गं बाई, बरोबर त्याच झोपल्या. चार वर्षांची आहे ती. ती झाली तेव्हा मी सव्वा महिन्यात कामावर आले होते. सासूबाईंनी सांभाळली. आता त्यांना काय सांगू, चोर ठरले म्हणून?"

"तुझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलंस का हे? जमलंय म्हणून?"

"सर शनिवारी फोन उचलत नव्हते. मी निरोप टाकला, सर, फिल्म एकदा बघाच. त्यांनी 'बरं' एवढंच लिहिलं."

"पहिला खळगा आठवतो तुला? अगदी पहिला, वरच्या कोपऱ्यातला?"

"न आठवायला काय झालं? शनिवारी दुपारी दोनच्या आत साफ झाला. एक पेशी उरली नाही. प्रोग्रॅमने तो शुक्रवारीच औषधात टाकला होता."

"नक्की?"

"पाच वर्षं मी त्यांचंच तोंड बघत आलेय, बाई."

बाईंनी पिशवीतून कागद काढले. मामांच्या यादीत पहिल्या खळग्यापुढे लिहिलं होतं: मिठाचं पाणी. ठीक, मामांची चूक झाली असेल. मग त्यांनी दुसरा कागद पाहिला, शिडीच्या स्वतःच्या उत्तरांचा. तिथेही पहिल्या खळग्यापुढे तेच होतं: मिठाचं पाणी.

पोरगी आत्ता जे म्हणाली, त्याच्या बरोब्बर उलट.

३

एक तर पोरगी धडधडीत खोटं बोलत होती, नाहीतर कागद. बाईंना दुपारचं जेवणही गेलं नाही. डबा तसाच ठेवून त्या फुग्याच्या शोधात निघाल्या.

फुग्या हा शिडीच्याच बरोबरीने, त्याच सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होता. जरा काही झालं की गाल फुगवून बसायचा. आताही फुगलेलाच होता.

"सगळे मलाच खलनायक ठरवतायत, बाई. मी फक्त डिंक दाखवला. माझा स्वतःचा प्रोग्रॅम सत्तर टक्क्यांच्या वर जात नाही. आणि हिचे शंभर? जिवंत पेशी आहेत त्या, गणिताची वही नव्हे! एकदोन तरी नाठाळ निघणारच ना?"

"तिचं वाटोळं झालं तर तुझं बरं होईल, नाही का?"

"होईल की," फुग्या चक्क म्हणाला. "तिच्यापुढे माझं काम कोण वाचणार? पण मला तिला बुडवायचंच असतं, तर मी पाकीट फाडून तसंच ठेवलं असतं, लोकांच्या डोळ्यांत भरेल असं. एवढं निगुतीने चिकटवत कशाला बसलो असतो?"

बोलण्यात दम होता. पाकीट ज्याने चिकटवलं, त्याला चोरी उघडकीस यायला नको होती. बाईंनी ते मनात टिपून घेतलं.

सर त्यांच्या खोलीत होते. तीस वर्षांपूर्वी ते आकडेबाईंच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसत. आता केस पिकले, नाव झालं, तरी बाई आल्या की अजून उठून उभे राहायचे.

"बस रे, बस. मी काही बसणार नाही." बाई पुस्तकांच्या कपाटाशी घुटमळल्या. "काय वाटतं तुला? मुलीनेच केलं?"

"मुळीच नाही! मी तिच्यासाठी कुणाशीही भांडायला तयार आहे. डिंकाचं काय घेऊन बसलेत हे लोक? तिचं काम सोन्यासारखं आहे."

"फिल्म पाहिलीस?"

"पाहिली की. डोळ्यांचं पारणं फिटलं. तो पहिलाच खळगा घ्या ना, दोन दिवस पेशी नुसत्या वळवळत होत्या, काय तो जिवंतपणा! मिठाच्या पाण्याचा खळगा असाच दिसायला हवा."

बाईंनी कपाटावरून बोट फिरवून धूळ पाहिली आणि त्या निघून आल्या.

एकाच फिल्ममधला एकच खळगा. एक म्हणते दुपारी दोनच्या आत मेला, दुसरा म्हणतो दोन दिवस वळवळत होता. दोघांपैकी एकाने फिल्म पाहिली नव्हती किंवा पाहूनही उलटं सांगितलं होतं. पण मामांची यादी सरांच्या बाजूने होती, आणि हेच बाईंना छळत होतं. यादी खरी तर मुलगी खोटी. हिशेब सरळ होता. तो सरळ होता म्हणूनच त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तंत्रज्ञ मामा भांडारात काचसामान पुसत होते. सगळ्यांचेच मामा, अगदी संचालकांचेसुद्धा.

"मामा, यादीत चूक नाही ना झाली तुमची?"

मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, तीन वेळा पडताळलीय. पहिल्यात मिठाचं पाणी, शेवटच्यात औषध. झोपेतून उठवून विचारा. आणि तुम्ही म्हणाल मीच उत्तरं फोडली, तर मला पाकीट उघडायची काय गरज? अख्खी यादी माझ्या वहीत आहे."

"बरोबर आहे. मग ताटली? ती नीट ठेवली होतीत?"

मामांचं पुसणं थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"रोज मीच ठेवतो, बाई. पण शुक्रवारी ताटली मी ठेवलीच नाही."

४

गुरुवारी सकाळी बाईंनी संचालकांना अक्षरशः हाताला धरून आणलं आणि प्रयोगशाळा उघडायला लावली. शिडी, फुग्या आणि मामा बरोबर होते. सर एका बैठकीला गेले होते.

"मामा, काल जे मला सांगितलंत ते आता साहेबांना सांगा."

"फोटो काढायचा होता," मामा चाचरत म्हणाले. "सर म्हणाले, आज ऐतिहासिक दिवस, ताटली मीच ठेवतो. मी आपला मागे उभा राहिलो. सरांनी चार वर्षांत मायक्रोस्कोपला हात लावला नव्हता. त्यांच्या वेळचं यंत्र वेगळं, हे वेगळं."

"वेगळं म्हणजे काय?"

मामांनी एक रिकामी ताटली पुढे केली. तिचा एक कोपरा छाटलेला होता. "ही खूण असते, बाई. जुन्या यंत्रात छाटलेला कोपरा आपल्याकडे करून ठेवायचा. नव्यात पलीकडे. आणि साचा असा नाठाळ, की ताटली दोन्ही बाजूंनी फिट्ट बसते. नवीन आलेला प्रत्येकजण इथे एकदा तरी फसतो, म्हणून तर मी कुणाला हात लावू देत नाही."

"फोटो कुणी काढला?"

"मी," फुग्या पुटपुटला आणि त्याने मोबाइल काढला. फोटोत सर हसत होते, मान कॅमेऱ्याकडे, हात साच्यावर. बाईंनी फोटो मोठा केला. छाटलेला कोपरा सरांच्या अंगठ्याशी होता. त्यांच्याच बाजूला.

"अगं आई गं!" शिडीने कपाळावर हात मारला. "ताटली उलटी गेली!"

"उलटी," बाई म्हणाल्या. त्यांचे पाय आता खोलीभर नाचत होते. "म्हणजे यंत्राने ज्याला पहिला खळगा म्हटलं, तो होता मामांचा शहाण्णवावा. दुसऱ्याला म्हटलं, तो पंच्याण्णवावा. शेवटपर्यंत तसंच. साहेब, फिल्म लावा."

फिल्म लागली. कोपऱ्यातल्या खळग्यात पेशी आधी आखडल्या, मग गोल झाल्या, मग एकेक करून फुटल्या. पडद्यावरचं घड्याळ शनिवार दुपारी पावणेदोन दाखवत होतं.

संचालक चष्मा पुसू लागले. "म्हणजे मुलगी खरं बोलत होती?"

"ती खरं बोलली आणि मामांची यादीही खरी. खोटी आहेत ती ही शहाण्णव बरोबर उत्तरं! ताटली उलटी असताना ती यादीशी जुळूच शकत नाहीत. जो कुणी फिल्म बघून उत्तरं देईल, माणूस असो की यंत्र, त्याचा यादीशी बोजवाराच उडणार. ही उत्तरं पेशींकडे बघून आलेली नाहीत. यादीवरून उतरवलेली आहेत."

"पण तेच तर आम्ही म्हणतोय, हिने उतरवली!"

"थांबा हो जरा. साहेब, तिचा प्रोग्रॅम तुमच्या समोर चालवा. शुक्रवारचे पहिले सहा तास, तेच फोटो, बस्स."

प्रोग्रॅम चालायला चाळीस मिनिटं लागली. बाई एवढ्या वेळात प्रयोगशाळेला किती प्रदक्षिणा घालून आल्या, त्याची मोजदाद मामांनी सोडून दिली. शिडी भिंतीला टेकून नखं कुरतडत होती. उत्तरं आली. संचालकांनी स्वतः यादीशी ताडून पाहिली.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "शहाण्णवपैकी सत्तेचाळीस."

शिडीचा चेहरा पांढराफटक पडला. नाणं उडवलं असतं तरी एवढी आली असती.

"आता यादी उलटी धरा," बाई म्हणाल्या. "शेवटून पहिल्याकडे. आणि पुन्हा मोजा."

५

शुक्रवारी सकाळी संचालकांच्या खोलीत पाचही जण जमले. सर शेवटी आले, शिडीच्या खांद्यावर थोपटून तिच्याशेजारी बसले. बाई अर्थातच उभ्या.

"पाकीट उघडणाऱ्याने यादी पाहिली आणि फाइल बदलली," त्यांनी सुरुवात केली. "मामांना पाकिटाची गरज नव्हती. फुग्याला तिला बुडवायचं असतं तर खुणा लपवायचं कारण नव्हतं, आणि तिला तारायची त्याला हौस नाही."

"अजिबात नाही," फुग्या म्हणाला.

"राहिली ही पोरगी. हिने दोन दिवस डोळ्यांत तेल घालून फिल्म पाहिली होती. यादी हिच्या हातात पडली असती, तर पहिल्याच ओळीला हिने किंकाळी फोडली असती, की ताटली उलटी आहे म्हणून. फाइल अशा माणसाने बदलली, ज्याने फिल्म पाहिलीच नव्हती. त्याने यादी वाचली आणि ठरवलं, की चूक पोरीचीच." बाई सरांसमोर येऊन थांबल्या. "पहिला खळगा दोन दिवस वळवळत होता, असं मला कोण म्हणालं रे?"

सर खुर्चीत पुढे सरकले.

"रविवारी सकाळी आलो होतो," अखेर ते म्हणाले. "राहवेना. म्हटलं, सोमवारी काय होणार ते आधी कळावं. पाकीट उघडलं, हिच्या उत्तरांशी ताडलं. सत्तेचाळीस! पाच वर्षांची मेहनत, आणि सत्तेचाळीस. मी हादरलो, बाई. हिची लेक डोळ्यांपुढे आली. माझंही नाव जाणार होतं, खोटं कशाला बोलू. यादी समोर ठेवली आणि उतरवत गेलो."

"सगळीच्या सगळी! निदान चार चुका तरी ठेवायच्यास, शहाण्या. हेच शिकवलं मी तुला तीस वर्षांपूर्वी?" बाईंचा आवाज चिरकला. राग होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. पहिल्या बाकावरचा हा मुलगा त्यांचा लाडका होता. "आणि सोमवारी पाकिटाचं उघड झालं तेव्हा? ही चोर ठरत होती तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?"

"मी हिच्या बाजूने भांडतच होतो."

"भांडायचं नव्हतं. नुसतं खरं सांगायचं होतं."

बाईंनी एक कागद टेबलावर ठेवला. "ताटली तू उलटी ठेवलीस. यादी उलटी धरली की हिच्या प्रोग्रॅमची किती उत्तरं बरोबर येतात, वाच."

सरांनी कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. "त्र्याण्णव," ते म्हणाले.

"होय. तुझ्या हातून दोनदा घाण झाली, आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं."

मग शिडी बोलली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज शांत होता.

"सर, मी निरोप टाकला होता, फिल्म बघा म्हणून. तुम्ही सत्तेचाळीस पाहिलंत. यादी चुकली असेल, यंत्र चुकलं असेल, ताटली चुकली असेल, असं शंभर काही असू शकलं असतं. पाच वर्षांत तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की माझंच बरोबर असेल?"

संचालकांनी घसा खाकरला आणि कागद पुढे ओढले. परीक्षा सोमवारीच होईल, मार्गदर्शक म्हणून सरांच्या जागी दुसऱ्यांची सही लागेल, आणि सरांनी आज संध्याकाळपर्यंत लेखी कबुली द्यायची, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून टाकलं. सर उठले आणि दारातून निघून गेले. शिडी त्या दाराकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग कुठे तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाईंनी तिला जवळ घेतलं. पोरगी एवढी उंच, की बाईंना टाचा उचलाव्या लागल्या.

"वाईट वाटतंय ना?"

"ज्यांच्याकडून सगळं शिकले, त्यांनाच माझं खरं वाटलं नाही, बाई."

"हो. ते राहणार. पदवी मिळाली तरी राहणार." खोटा दिलासा देणं बाईंना कधी जमलंच नव्हतं.

शिडीने ओढणीने तोंड पुसलं, नाक ओढलं, आणि टेबलावरचा कागद उचलला. वरून खालपर्यंत बोट फिरवत गेली. मध्येच थांबली. कपाळावर बारीक आठी आली.

"हे तीन कुठले चुकले?" ती म्हणाली. "साहेब, प्रयोगशाळेची किल्ली द्या बघू."